मीटरबाहेरचा अर्धा तास

पोकलेनला लावलेल्या ब्रेकरचा घाव काँक्रीटवर बसतो, तसाच तो उलटून मशिनीवरही येतो. चिझलमधून ब्रेकरच्या बॉडीत, तिथून पिनांत, पिनांतून आर्ममध्ये आणि बूमच्या मुळापर्यंत. बकेटने माती काढणारी पोकलेन वर्षानुवर्षं चालते. तीच मशीन पाडकामाला लावली की तिचं वय झपाट्याने वाढतं. माझं काम ते वय ओळखण्याचं.

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते आणि गावाला लागूनच पुणे-बंगळूर महामार्ग जातो. शेंद्रे ते कागल सहापदरीकरण निघाल्यापासून या पट्ट्यात जुनं पाडण्याचं काम भरपूर आलं. भिंती, मोऱ्या, स्लॅब, पूल. कराडचा कोल्हापूर नाक्यावरचा उड्डाणपूल 2023 मध्ये उतरवला, तेव्हा लोक थांबून बघत होते. याच महामार्गावरचा पुण्याच्या चांदणी चौकातला पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर सहाशे किलो स्फोटकांनी उडवला. स्फोट झाला, धूळ बसली, तरी पुलाचा काही भाग सळ्यांच्या जाळ्यावर उभाच होता. तो शेवटी पोकलेन आणि ब्रेकरनीच खाली घेतला. स्फोट टीव्हीवर दिसला. त्यानंतर रात्रभर राबलेल्या मशिनींची सकाळी तपासणी कोणी केली असेल, हा विचार मात्र माझ्यासारख्याच्याच मनात येतो.

ब्रेकरच्या वरच्या डोक्यात नायट्रोजन भरलेला असतो. तेलाच्या दाबाने पिस्टन वर जातो, गॅस दाबला जातो, मग गॅस आणि तेल मिळून पिस्टनला चिझलवर फेकतात. हे मिनिटाला शेकडो वेळा. गॅस कमी झाला की घावातला जोर जातो आणि जादा झाला की पिस्टन वर उचलतच नाही. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन किंवा साधी हवा भरायची नाही, कारण तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. गॅस कटरचा ऑक्सिजन सिलिंडर साईटवर हाताशी असतो, म्हणून हे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतो.

ग्रीसिंगचंही तसंच. दर दोन तासांनी चिझलला ग्रीस द्यायचं, पण ब्रेकर हवेत लटकता ठेवून नाही. तो उभा करून चिझल जमिनीवर टेकवायची, मशिनीचं वजन देऊन ती आत दाबायची आणि मगच गन मारायची. लटकत्या चिझलमध्ये ग्रीस पिस्टनखाली जाऊन साचतं. पुढच्या घावाला ते सील फोडून बाहेर येतं आणि सील किटचा खर्च मालकाच्या अंगावर पडतो.

सगळ्यात जास्त वेळ मी बूमच्या वेल्डिंगवर घालवतो. आधी डिझेलने धुऊन घ्यायचं, वायर ब्रश मारायचा, जोडावर सिमेंटचा कणही ठेवायचा नाही. मग लाल पेनिट्रंट फवारून थोडं थांबायचं, वरचं पुसून टाकायचं आणि पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ हात द्यायचा. जोड शाबूत असेल तर पांढरं पांढरंच राहतं. तडा असेल तर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटते, थोडी पसरते. ती दिसली की मशीन उभी. कितीही फोन येऊ देत.

हायड्रॉलिक पाईपची गळती हाताने चाचपायची नाही, हेही जीव तोडून सांगावं लागतं. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं दाबाचं तेल कातडीत शिरतं. बाहेर नुसता टिपका दिसतो, आत बोट सडायला लागतं. मी पुठ्ठा फिरवून बघतो. कोणाला लागलंच तर मलम लावून घरी पाठवायचं नाही, थेट सर्जनकडे न्यायचं आणि अंगात तेल घुसलंय हे स्पष्ट सांगायचं.

काही गोष्टी ऑपरेटरच्याच हातात असतात. आपल्या भागातला काळा दगड फुटत नाही म्हणून एकाच जागी मिनिट मिनिट चिझल दाबून धरली, की तिचं टोक तापून मऊ पडतं. अर्ध्या मिनिटात फुटलं नाही तर जागा बदलायची. चिझल पहारीसारखी वापरून दगड उचकटायचा नाही. स्लॅब फुटल्यावर ब्रेकर रिकामा ठोकत राहिला, तर तो घाव घ्यायला समोर काही नसतं आणि सगळा मार ब्रेकरची बॉडी आवळून धरणाऱ्या थ्रू बोल्टवर येतो.

हे ऑपरेटरला माहीत नसतं असं नाही. खरी अडचण भाड्याची आहे. मशीन लागते तासावर. बूम धुण्यात, ग्रीस देण्यात, पिनांचा खेळ बघण्यात गेलेला वेळ कोणाच्याच बिलात बसत नाही. मग मालकाला तो तोटा वाटतो, सुपरवायझरला कामचुकारपणा वाटतो, आणि पाडकामाच्या सुरक्षिततेचा आयएस 4130 ही संहिता ऑफिसच्या कपाटात राहते. फुटलेल्या पाईपसाठी दुपारभर मशीन उभी राहते, तेव्हा मात्र सगळे गोळा होतात.

म्हणून उंब्रज-कराड पट्ट्यातल्या कंत्राटदारांना आणि साईट इंजिनिअरांना माझी विनंती आहे. लॉगशीटवर सकाळचा पहिला अर्धा तास तपासणीचा म्हणून लिहा आणि मालकाला त्याचे पैसे द्या. दर दोन तासांच्या ग्रीसिंगचा वेळही त्यात धरा. आणि मेकॅनिकने मशीन उभी ठेवायला सांगितली, तर त्याच्या सहीशिवाय ती सुरू करू नका.