तिसऱ्या दिवसाचं रक्त

आंधळगावच्या आजींना आणलं तेव्हा उजवा पाय आखूड होऊन बाहेरच्या अंगाला वळला होता. खुबा मोडलाय हे कळायला एक्स-रे लागला नाही. वय 74. मोहाडी तालुक्यातलं हे गाव कोशाच्या कापडाचं, करवतकाठी साड्यांचं. आजींनी माग कधी चालवला नाही. उकडलेल्या कोशातून तार ओढायची आणि मांडीवर तळहाताने वळायची, हे त्यांचं काम. पाठीत भूल देण्याआधी त्यांना कुशीवर वळवलं, तेव्हा डाव्या मांडीवरची घोटून गुळगुळीत झालेली कातडी दिसली.

मी भूलतज्ज्ञ. पेशंट वॉर्डात पोचला की माझं काम संपलं, असं बरीच वर्षं मलाही वाटायचं. मग एका दवाखान्यात असाच खुब्याचा एक म्हातारा होता. दुसऱ्या दिवशी राउंडला मी विचारलं, “बाबा, छातीत दुखतं का?” ते नाही म्हणाले. मी तसं कागदावर लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेलो. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. बाबा खरं तेच बोलले होते. दुखत नव्हतंच. नाडी मात्र आदल्या दिवसापासून 110च्या पुढे होती, आणि ती मी पाहिली होती.

ऑपरेशननंतरचं हृदय बोलत नाही. दुखणं थांबवायची औषधं आम्हीच दिलेली असतात, त्यात वय आणि मधुमेह. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या डेव्हरो यांच्या गटाने हे मोजून दाखवलं. 2017 साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात 13 देशांतले 21,842 पेशंट होते, भारतातलेही. हृदय सोडून इतर कुठलंही ऑपरेशन झालेले, वय 45च्या पुढे. जवळपास 18 टक्क्यांच्या हृदयाला इजा झाली होती आणि त्यातल्या 93 टक्के लोकांना काहीही जाणवलं नव्हतं. हा आकडा वाचला तेव्हा मला ते बाबा आठवले.

इजा कळते ती ट्रोपोनिनवरून. हृदयाच्या स्नायूतलं हे प्रथिन, पेशी मेली की रक्तात येतं. हाडांच्या ऑपरेशनमध्ये याची किंमत जास्त, कारण पूर्वी सीके-एमबी नावाच्या ज्या विकरावर भिस्त होती, ते मांडीचा स्नायू कापला तरी वाढतं. पण ट्रोपोनिनचा एकच आकडा हातात घेऊन बसण्यात अर्थ नाही. मूत्रपिंड थकलेलं असेल तर तो आधीच वर असतो. फुप्फुसात गुठळी गेली, जंतुसंसर्ग अंगात भिनला, तरी वाढतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी एकदा, आणि नंतर तीन दिवस रोज.

आजींचा आधीचा आकडा 18 होता. दुसऱ्या दिवशी सकाळी 96.

“आजी, कसं वाटतंय?”

“काही नाही जी. थकल्यावानी वाटते.”

ईसीजी साफ. नाडी 112, हिमोग्लोबिन 7.9. हाडातून आणि मांडीतून गेलेलं रक्त भरून आलं नव्हतं, हृदय धावत होतं आणि त्यालाच पुरेसा प्राणवायू मिळत नव्हता. रक्ताची पिशवी लावली, ऑक्सिजन लावला, दुखणं नीट आवरलं. नाडी वेगाने धावतेय म्हणून लगेच ती मंदावणारं बीटा-ब्लॉकर द्यायचा मोह होतो. रक्त कमी पडलेल्या माणसाची धावती नाडी ही त्याची धडपड असते. ती दाबायची नसते. हृदयासाठी ॲस्पिरिन द्यायची यावरून अस्थितज्ज्ञांशी थोडी ओढाताण झाली. जखमेत रक्त साकळेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. संध्याकाळी ड्रेसिंग कोरडं दिसलं, मग सुरू केली.

आजींचा मुलगा बाहेर थांबला होता. “डॉक्टर साहेब, हाड तं बसलं ना? मग रोज रोज रक्त कायले काढता?” प्रश्न रास्त होता, पैसे त्याच्याच खिशातून जात होते. मी त्याला विचारलं, ताण्यातली एक तार तुटली तर कापड लगेच फाटतं का? “फाटत नाही जी. पन गाठ त्याच वक्ती माराव लागते.” मग मी त्याला आकड्यांचा कागद दाखवला. त्याने तो नीट वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

त्याच दिवशी पुन्हा तपासलं तेव्हा 131. तिसऱ्या दिवशी 78.

नाडी 88वर आली होती. फिजिओथेरपीच्या मुलीने आजींना खाटेच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडले. त्या काही बोलल्या नाहीत. वॉकर आणेपर्यंत त्यांचा उजवा तळहात डाव्या मांडीवर पुढे सरकत होता, मागे येत होता, पुन्हा पुढे.

“आजी, काय करताय?”

त्यांनी हाताकडे पाहिलं. “हाताले सवय हाय जी,” म्हणाल्या, आणि तो तसाच चालू राहिला.