बाशिंग आणि गुडघा

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो हे ठीक. परंतु त्याने ते गुडघ्यालाच का बांधावे, या प्रश्नाने मला अलीकडे बरेच अस्वस्थ केले आहे. मुहूर्ताच्या आदल्या रात्रीच त्याने ते कपाळी चढविले असते, तरी उतावळेपणा सिद्ध झालाच असता. म्हणीच्या कर्त्याने वेळेबरोबर जागाही चुकविली, त्या अर्थी घाईत माणसाची दृष्टी प्रथम जागेवरून ढळते, असे त्याला दिसले असावे. घरच्या संगणकाचा वेग वाढविण्याचे वेड ज्यांना लागते, त्यांच्या बाबतीत हे निरीक्षण तंतोतंत लागू पडते. यंत्र मंदावले की प्रोसेसर बदलण्याची तजवीज सुरू होते. आणि विलंब पुष्कळदा जुन्या हार्ड डिस्कचा असतो, जिची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असूनही हवा तो मजकूर वाचनाच्या टोकाखाली यावयास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, आणि तेही पुनःपुन्हा, थांबावे लागते. तिच्या जागी काहीच न फिरणारी एसएसडी बसविली की तेच यंत्र तरतरीत होते. बाशिंग कपाळी लागले. येथे हौस फिटावयास हवी.

ती फिटत नाही. झाकण उघडावे, रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसावेत, पट्टी पुन्हा दाबावी आणि खिटी टक् करून बसावी, यातले सुख वेगाच्या हिशेबात कोठेच जमा होत नाही.

आमच्या ग्वाल्हेरीत या सुखाला राजाश्रय होता. माधवराव महाराज शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावरून चांदीची चिमुकली आगगाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरे. कोणी सुरई उचलली की ती आपोआप थांबे. हे काम एखाद्या हुजऱ्याने बिनबोभाट केले असते, पण महाराजांना गाडीचीच आवड होती. त्याच संस्थानाने दोन फुटी रुळांवरून श्योपुरापर्यंत सुमारे २०० किलोमीटर रयतेची गाडीही नेली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून तिच्या संथपणाविषयी मायेने बोलले जाई. २०२० साली ती बंद झाली आणि रूळ रुंद करण्याचे काम चालले. ते योग्यच आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो. सबलगढहून रुग्णाला घेऊन शहराकडे निघालेल्या माणसाला गेलेल्या संथपणाची हळहळ कशी वाटावी? तेथे वाचलेल्या तासाला धनी आहे. माझ्या पडद्यावर खिडकी दोन सेकंद आधी उघडते, तेव्हा त्या दोन सेकंदांची वाट कोण पाहत असते?

एवढ्यावर या हौसेला वांझ ठरवावे, असे मनात येते आणि लेखणी अडते. मेजावर चांदीची गाडी फिरताना पाहून ज्याचे डोळे चमकत, त्याच माणसाच्या हुकमाने चंबळच्या मुलखात रूळ पडले. रयतेच्या गरजेतून खेळ सुचला, की खेळाच्या नादात रयतेची गरज दिसली? पूर्वी मी पहिले उत्तर दिले असते. आता दुसरेही नाकारवत नाही. आणि दुसरे खरे असेल, तर गुडघ्याला बाशिंग बांधणाऱ्या त्या नवऱ्याला हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो, हेही मला सांगता येत नाही.