समोरच्याची खेळी

खऱ्या रणांगणावर शत्रूची कुमक डोंगराआड दडलेली असते. तिची बातमी आणण्यास हेर पाठवावे लागतात. बुद्धिबळाच्या पटावर असे काहीच दडलेले नसते. ६४ घरे आणि दोन्ही पक्षांचे १६-१६ मोहरे, सारे उघड्यावर! खेळीही पाळीपाळीने करावयाची, त्यामुळे विचारास अवसर मिळतो. आणि तरीही नवशिका खेळाडू हटकून फसतो. वजीर मारला गेला म्हणजे तो दचकून विचारतो, "अरे, हा घोडा येथे कोठून आला?" घोडा बिचारा चार चालींपासून तेथेच उभा असतो!

असे होते, कारण नवशिक्याचे सारे लक्ष स्वतःच्या बेताकडे असते. 'उंट असा आणीन, वजीर तसा नेईन, की झाली मात!' या मनोराज्यात प्रतिस्पर्धी जणू हातावर हात ठेवून बसलेला असतो. पण त्याचेही काही बेत असतात. म्हणून ज्याला खेळ सुधारावयाचा आहे, त्याने आपली खेळी शोधण्यापूर्वी समोरच्याची खेळी न्याहाळावी. तिने कोणते घर मोकळे झाले? कोणावर रोख आला? आणि आपल्या खेळीला तो काय उत्तर देईल? प्रश्न साधे आहेत. परंतु फुकटचे प्यादे समोर दिसत असता ते आठवणे मोठे कठीण.

हा मोह थोरांनाही सुटलेला नाही. १९७२ साली आइसलँडमधील रेक्याविक येथे जगज्जेतेपदाच्या सामन्याचा पहिलाच डाव बरोबरीकडे झुकला होता. अमेरिकेच्या बॉबी फिशरने उंटाने पटाच्या कडेचे एक प्यादे मारले. रशियाच्या बोरिस स्पास्कीने शेजारचे प्यादे एक घर पुढे सरकवले मात्र, उंटाची परतीची वाट बंद झाली! फिशरला हे दिसले नव्हते, की दिसूनही त्याने धाडस केले, यावर जाणकारांत पुष्कळ वाद झाला. उंट गेला आणि डावही गेला. पुढे सामना फिशरनेच जिंकला, ही गोष्ट निराळी.

मुरलेल्या खेळाडूची दृष्टी कशी घडते? विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकन संशोधकांनी १९७३ साली एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातील मांडणी पाच सेकंद दाखवून ती आठवणीने पुन्हा मांडावयास सांगितली. निष्णात खेळाडूने नवशिक्याहून कितीतरी अधिक मोहरे अचूक मांडले. मग तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखरून दाखवले, तेव्हा निष्णाताची ती सरशी मावळली! म्हणजे त्याची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती. शेकडो डाव खेळून मोहऱ्यांचे परस्परसंबंध त्याच्या ओळखीचे झाले होते. घोडा एकाच उडीत राजाला शह देतो आणि हत्तीवरही रोख धरतो, ही जागा ज्याने दहादा पाहिली, त्याला अकराव्या वेळी ती दुरूनच दिसते. राजा किल्लेकोट करून तीन प्याद्यांच्या आड निर्धास्त बसतो. पण शत्रूचा हत्ती शेवटच्या ओळीत उतरला, म्हणजे रक्षक प्यादीच त्याची कोंडी करतात. हेही असेच पाहून पाहून कळते.

आणि हे सर्वांत चांगले कळते ते हरलेल्या डावातून. सारीपाटात हरणाऱ्याला फाशांना दोष देता येतो. बुद्धिबळात ती सोय नाही, म्हणून येथील हार अधिक झोंबते. कित्येक मुले रागाने पट उधळून देतात आणि त्याबरोबर शिकण्याची संधीही! जो मुलगा डावाच्या चाली टिपून ठेवतो, तो दुसऱ्या दिवशी राग निवळल्यावर पट पुन्हा मांडतो. शेवटची मात त्याला फारशी उपयोगाची नसते. डाव कोठे बिघडला, ती खेळी हवी असते. ती सापडेना, तर तो उठून समोरच्याच्या जागी जाऊन बसतो. तेथून त्याला आपल्याच राजाची कोंडी प्रथम दिसते. मग तो दहा चाली मागे जातो, राजापुढचे एक प्यादे घरभर सरकवतो आणि तेथून डाव पुन्हा खेळू लागतो.