लिंचिंग म्हणा की हत्याकांड

'मॉब लिंचिंग' आपण रोज टाइप करतो. ते एका माणसाचं आडनाव आहे. चार्ल्स लिंच, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा जमीनदार आणि वरून न्यायदंडाधिकारी! १७८० मध्ये इंग्रजांची बाजू घेणाऱ्यांना त्याने अधिकार नसताना शिक्षा दिल्या, त्याही मुख्यतः फटक्यांच्या. १७८२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने त्याला माफ करून टाकलं. जीव घेण्याचा अर्थ या शब्दाला नंतर चिकटला, हजारो काळ्या लोकांना जमावाने मारलं तेव्हा.

आपल्याकडे २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, तेव्हा मथळ्यांत हाच शब्द होता. पण आपल्या शेजारच्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ ला जमावाने भोतमांगे या दलित कुटुंबातले चौघे मारले, त्याला सगळे 'हत्याकांड' म्हणतात. हत्याकांड म्हटलं की बरेच जण मेले एवढंच कळतं. कोणी आणि कशापायी मारलं, ते नाही कळत.

कोर्टातही घोडं इथंच अडलं. २००८ मध्ये भंडाऱ्यात आठ जण दोषी ठरले, पण ॲट्रॉसिटी लागली नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानेही सूडच मानला आणि फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली.

आता भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) आहे. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणाने केलेला खून त्यात वेगळा धरलाय. 'लिंचिंग' शब्द त्यात नाही, नसू द्या. 'जात' आहे. ती कारण होती हे सिद्ध मात्र कोर्टातच करावं लागणार, अन् साक्षीदार त्याच गावात राहणार.