वकिलाचें ब्रीद

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडील वडील माणसें सांगत आलीं आहेत. ह्या म्हणीमागें अनुभव आहे, हें कोण नाकारील? दावा लढतां लढतां जमीन गेली, घर गेलें, आणि हातीं केवळ निकालाचा कागद राहिला, अशीं उदाहरणें गांवोगांव सांपडतात. त्यामुळें वकील म्हणजे खऱ्याचें खोटें आणि खोट्याचें खरें करणारा गृहस्थ, अशी एक समजूत समाजांत रूढ झाली आहे. ती कितपत योग्य आहे, ह्याचा विचार करावयास एका जुन्या बोलपटानें आम्हांस लावलें. आणि तोच विचार आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

हा बोलपट अमेरिकेंतील वॉर्नर ब्रदर्स ह्या कंपनीनें १९३४ सालीं काढला. त्याचें नांव ‘द केस ऑफ द हाउलिंग डॉग’. मराठींत त्यास ‘रडणाऱ्या कुत्र्याचें प्रकरण’ असें म्हणतां येईल. बोलपटांच्या युगाचा आरंभ ज्या ‘द जॅझ सिंगर’ (१९२७) पासून धरतात, त्याचेच दिग्दर्शक अ‍ॅलन क्रॉसलंड ह्यांनीं हें चित्रहि दिग्दर्शित केलें. कथा अर्ल स्टॅन्ली गार्डनर ह्यांच्या कादंबरीवरून घेतलेली आहे. गार्डनर ह्यांचा मानसपुत्र पेरी मेसन, म्हणजे गुन्ह्यांचा छडा लावणारा वकील, पडद्यावर प्रथम आला तो ह्याच चित्रांत. ती भूमिका वॉरन विल्यम ह्या नटानें केली असून त्याच्या अशिलाच्या भूमिकेंत मेरी अ‍ॅस्टर ही आहे. चित्र सव्वा तासाचें. त्यांत रंग नाहींत, फारशी धांवपळ नाहीं, आणि तरीहि मन क्षणभर इकडे तिकडे जात नाहीं.

रात्रीं कुत्रें रडूं लागलें म्हणजे आपल्या घरांतील आजीबाई अस्वस्थ होतात. कोठें तरी मृत्यु घिरट्या घालीत आहे, असें त्यांस वाटतें. सातासमुद्रांपलीकडेहि हीच समजूत आहे, हें पाहून आम्हांस मौज वाटली. कार्टराइट नांवाचा एक घाबरलेला मनुष्य मेसनकडे येतो व आपल्या शेजाऱ्याचा कुत्रा रात्रीं रडतो, त्याचा बंदोबस्त करा, अशी विनवणी करितो. त्याच वेळीं त्याला आपलें मृत्युपत्रहि करावयाचें असतें. शेजारी फोली म्हणतो, आमचा कुत्रा रडतच नाहीं. दोघांपैकीं वेडा कोण आणि लबाड कोण, हें ठरण्यापूर्वींच कार्टराइट नाहींसा होतो. आणि पुढें फोली व त्याचा कुत्रा हे दोघेहि गोळ्या लागून मेलेले आढळतात. संशय येतो तो फोलीनें टाकलेल्या पत्नीवर, बेसीवर. एका टॅक्सीवाल्यानें तिला त्या घरापर्यंत पोंचविलें होतें, असा पुरावा पुढें येतो. मेसन तिचें वकीलपत्र घेतो.

पुढील भाग न्यायालयांत घडतो. ज्यूरी, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले पंच, समोर बसलेले असतात. सरकारी वकिलाचा पुरावा प्रथम भिंतीसारखा भक्कम वाटतो. पण मेसन एकेक वीट हलवून पाहतो. साक्षीदारानें जें पाहिलें तें खरोखर पाहिलें काय, कीं पाहिलें असावें असें त्याला मागाहून वाटलें? घरच्या मालकिणीस ओळखणारा कुत्रा तिच्याच अंगावर धांवून जाईल काय? ह्या प्रश्नांनीं पंचांचा निश्चय डळमळूं लागतो. इतक्यांत फोलीच्या नव्या गॅरेजखालीं पुरलेलीं प्रेतें सांपडतात. मेलेला मनुष्य केवळ दुर्दैवी नव्हता, तो स्वतः कोण होता, हें सर्वांस कळतें. बेसी निर्दोष सुटते.

एवढ्यावर चित्र संपतें तर इतर रहस्यकथांत त्याची गणना करून आम्ही स्वस्थ बसलों असतों. पण निकालानंतर आपल्याला असें कळतें कीं, घरांतला कुत्रा आधींच बदललेला होता. नवा कुत्रा अंगावर आला असतां गोळी झाडली ती बेसीनेंच, आणि ती स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं. मेसनला हें कळून चुकलेलें आहे. तो तिला धिक्कारीत नाहीं, आणि स्वतःची पाठहि थोपटून घेत नाहीं. त्याच वर्षीं जुलैपासून हॉलीवूडनें आपले नीतिनियम कडकपणें अंमलांत आणिले होते. गुन्ह्याचें प्रायश्चित्त पडद्यावर दिसलेंच पाहिजे, असा त्यांचा रोख होता. अशा वेळीं सप्टेंबरांत हें चित्र लोकांपुढें आलें, हें नवल होय.

येथें कोणीहि सुज्ञ पालक विचारील, “मग मुलांनीं ह्यांतून काय घ्यावयाचें? चतुर वकील मिळाला कीं सुटतां येतें, हें?” प्रश्न रास्त आहे, आणि त्यास सरळ उत्तर दिलें पाहिजे. मेसनचे सर्व मार्ग आम्हांस मान्य नाहींत. टॅक्सीवाल्याची ओळख डळमळावी म्हणून तो दुसऱ्याच एका स्त्रीला बेसीचें सोंग देऊन त्याच्याकडे पाठवितो. ही हुशारी असेल, परंतु सचोटी खास नव्हे. खऱ्या न्यायालयांत असला प्रकार वकिलाच्या सनदेवर येईल. परंतु हा डाव बाजूला ठेविला तरी मेसनचें मुख्य काम शिल्लक राहतेंच. तें काम खऱ्याचें खोटें करण्याचें नसून, जें खरें म्हणून सांगितलें जात आहे त्यास आधार कोणता, हें विचारण्याचें आहे.

हें काम फार जुनें आहे. दानीएलाच्या ग्रंथास जोडलेलें सुसान्नेचें आख्यान आमच्या कांहीं वाचकांस ठाऊक असेल. दोन प्रतिष्ठित वडील तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात. लोक त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून तिला मरणाची शिक्षा देण्यास निघतात. तरुण दानीएल एकटा आडवा येतो. तो दोघां साक्षीदारांस वेगवेगळें बोलावून एकच साधा प्रश्न विचारतो: तुम्हीं तिला कोणत्या झाडाखालीं पाहिलें? एक एका झाडाचें नांव घेतो, दुसरा दुसऱ्याचें. आणि खोटें उघडें पडतें. उलटतपासणीचा ह्याहून सुंदर नमुना आम्हांस ठाऊक नाहीं. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, जमलेले लोक दुष्ट नव्हते. त्यांनीं केवळ विचारलें नाहीं, एवढाच त्यांचा अपराध. आणि तेवढ्यानें एक निरपराध जीव जाणार होता.

आमच्या विद्यार्थिदशेंतील एक प्रसंग ह्या संबंधांत सांगण्यासारखा आहे. वर्गांतील एका मुलाचें फाउंटन पेन नाहींसें झालें. मधल्या सुटींत एक गरीब मुलगा वर्गांत एकटाच बसला होता, म्हणून सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. कोणीं त्याला तोंडावर चोर म्हटलें नाहीं. पण त्याच्या बाकावर बसावयास कोणी तयार होईना. तेव्हां आमच्यांतील एक अबोल विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, ह्यानें पेन घेतांना कोणीं पाहिलें आहे काय? सुटीपूर्वीं तें दप्तरांत होतें, हें तरी कोण सांगूं शकेल?” वर्ग चिडीचूप झाला. पेनच्या मालकालाहि तें सांगतां येईना. गुरुजींनीं विषय तेथेंच थांबविला.

तें पेन पुढें कधींहि सांपडलें नाहीं. तो मुलगा निर्दोष होता किंवा नव्हता, हें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत आला, हें ठाऊक आहे. आणि ते दोन प्रश्न कोणीं विचारले नसते तर तो आला नसता, असें आम्हांस वाटतें. प्रश्न विचारणाऱ्यानें त्याच्या निर्दोषपणाची शपथ घेतली नव्हती. पुराव्यावांचून एखाद्यास वाळींत टाकूं नये, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. वकिलाचें ब्रीद तें हेंच.

अर्ल स्टॅन्ली गार्डनर ह्यांस हें ब्रीद पुस्तकांतून मिळालें नव्हतें. त्यांचा जन्म १८८९ सालीं मॅसॅच्युसेट्समधील माल्डन येथें झाला. कायद्याची पदवी न घेतां, स्वतः अभ्यास करून त्यांनीं १९११ सालीं कॅलिफोर्नियांत वकिलीची सनद मिळविली. तेथें त्यांच्या अशिलांत चिनी लोक पुष्कळ असत. ज्यांची भाषा न्यायाधीशास कळत नाहीं व ज्यांची दाद सहसा लागत नाहीं, अशांची बाजू त्यांनीं मांडिली. १९३३ सालीं मेसनची पहिली कादंबरी निघाली. तिच्या यशानें चित्रपट कंपनीचें लक्ष वेधलें, व १९३४ ते १९३७ पर्यंत एकंदर सहा चित्रें निघालीं. पण पुढील चित्रांत मेसन कधीं पाककलानिपुण विनोदी गृहस्थ झाला, तर कधीं मद्यासक्त. एका चित्रांत तर त्याचें त्याच्या चिटणीस बाईंशीं लग्नहि लावून दिलें. गार्डनर ह्यांस हें रुचलें नाहीं. १९५७ ते १९६६ पर्यंत दूरदर्शनावर मेसनची मालिका झाली, तेव्हां मात्र त्यांनीं तिजवर स्वतःची देखरेख ठेविली, आणि तिच्या शेवटच्या भागांत ते स्वतः न्यायाधीश म्हणून बसले!

आम्हांस त्यांच्याविषयीं खरा आदर वाटतो तो दुसऱ्याच एका कार्यामुळें. १९४८ सालीं ‘आर्गोसी’ मासिकाचे प्रकाशक हॅरी स्टीगर ह्यांच्या साह्यानें त्यांनीं ‘अखेरचें न्यायालय’ नांवाचें एक मंडळ उभें केलें. हें सरकारी न्यायालय नव्हे. अपील संपलेले, पैसा संपलेला, आप्तइष्टांनींहि सोडलेले असे कैदी तुरुंगांतून पत्रें लिहीत; आणि न्यायवैद्यक, गुप्तशोध इत्यादि विषयांतील तज्ज्ञ त्यांचीं प्रकरणें पुन्हा मुळापासून तपासून पाहात. सर्वच कैदी निर्दोष होते असें नव्हे. पण ज्यांच्यावर अन्याय झाला असें आढळलें, त्यांच्यासाठीं हें मंडळ झटलें. ह्या कार्यावर गार्डनर ह्यांनीं लिहिलेलें पुस्तक १९५२ सालीं प्रसिद्ध झालें. कल्पित वकिलाच्या कमाईवर जगणाऱ्या लेखकानें खऱ्या बंदिवानांसाठीं आपला वेळ दिला, हें आम्हांस त्याच्या सर्व कादंबऱ्यांहून मोठें वाटतें.

आरोपीस वकील मिळणें हें आज आपण गृहीत धरतों. पण तो हक्क सहजासहजीं मिळालेला नाहीं. ज्या खटल्यांत मरणाची शिक्षा होऊं शकते, तेथें असहाय आरोपीस वकील दिलाच पाहिजे, असें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९३२ सालीं, म्हणजे हें चित्र निघण्याच्या अवघें दोन वर्षें आधीं सांगितलें. इतर गंभीर गुन्ह्यांत गरिबांस तो हक्क मिळावयास १९६३ साल उजाडावें लागलें. आपल्या देशांत संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदानें अटक झालेल्या मनुष्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे, आणि १९७६ सालीं घातलेल्या ३९-क अनुच्छेदानें गरिबांस मोफत कायदेसाह्य देण्याचा भार राज्यावर टाकिला आहे. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये हें खरें. पण ज्याला ती चढावीच लागते, त्याच्याबरोबर कोणी तरी असावें, एवढी काळजी कायद्यानें घेतली आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील फार थोडे पुढें वकील होतील. पण पंचाच्या जागीं तुम्हांपैकीं प्रत्येकास रोज बसावें लागतें. मैदानांत, वसतिगृहांत, शेजारपाजारीं कोणावर तरी आळ येतो, आणि ऐकणाऱ्यांनीं मान डोलावली कीं त्याचा निकाल लागून जातो. अशा वेळीं मान डोलावण्यापूर्वीं एक प्रश्न विचारा. आणि पालकांस आमची विनंति ही कीं, घरांत एखादी बशी फुटली असतां प्रथम संशय ज्या मुलावर येतो, त्याचें म्हणणेंहि शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. ज्याचें ऐकून घेतलें जातें, तोच पुढें दुसऱ्याचें ऐकावयास शिकतो.