पोळ्याच्या अमावस्येची पाखरं



पोळ्याच्या अमावस्येला आपल्याकडं कपाशीवर एक फवारा ठरलेलाच असतो. गुलाबी बोंडअळीचं पाखरू अंधाऱ्या रात्री जास्त अंडी घालतं, म्हणून अमावस्येच्या आगेमागे पंप पाठीवर घ्यायचा, असं जो तो सांगतो. यंदा वस्तीवरच्या लेकरांनी मला आधी मोजायला लावलं. त्याचं हे टिपण.

पुतणी सातवीला आहे. तिला शाळेसाठी किड्यांची वही करायची होती. म्हणली, "काका, रात्री दिव्यावर येतात त्या पाखरांची नावं सांगा ना." मला नावं येत होती ती पिकाचं नुकसान करणाऱ्यांचीच. म्हणलं चल, बघूच काय काय येतं ते. तिचं ऐकून आणखी सात लेकरं जमली, दुसरीपासून नववीपर्यंतची.

बांधावर मोकळी जागा बघितली. एका हाताला मोसंबी, दुसऱ्या हाताला कपाशी. दोन बांबूंना जुनं पांढरं धोतर ताणून बांधलं. घरातला साधा पांढरा एलईडी बल्ब लावला तर पाखरं फार येत नाहीत, कारण त्यात अतिनील किरण जवळपास नसतात, आणि पाखरांच्या डोळ्याला तेच जास्त दिसतात. म्हणून प्रकाश सापळ्याचा जांभळट दिवा काढला आणि फवारणी पंपाच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर जोडला. लेकरांना तीनच नियम सांगितले. पायात बूट पाहिजेत, दिव्याकडं टक लावून बघायचं नाही, आणि अंगावर किडा बसला तर चापट मारायची नाही, फुंकर मारून उडवायचा. काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबट एक किडा उजेडावर येतो, तो कातडीवर चिरडला तर फोड येतात. तोच किडा शेतात तुडतुडे खातो, हे पण सांगून ठेवलं.

साडेसातला दिवा लावला. आधी तुडतुडे आणि बारीक भुंगेरे आले. आठनंतर पाखरं सुरू झाली. दिव्याभोवती गरगर फिरायला लागली तशी तिसरीतलं एक पोरगं म्हणलं, "आबा, यांना दिवा आवडतो का?" आपण लहानपणापासून ऐकत आलो की पतंग दिव्यावर भाळतो. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यानं चित्रण करून बघितलं. पाखरू उडताना पाठ उजेडाकडं ठेवतं. रात्री वरचं आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळं पाठ वर राहते आणि उडणं सरळ होतं. मधेच आपला दिवा आला की ते दिव्याकडं पाठ करतं, तोल फिरतो आणि तिथंच घिरट्या घालत बसतं. हे सांगितल्यावर लेकरं खाली बसून बघायला लागली. "हो आबा, पाठच करतंय!" मला जे वाचून कळलं होतं ते त्यांनी डोळ्यानं बघितलं.

दोन तासांत पडद्यावर साठाच्या वर पाखरं बसली. त्यातली नुकसानीची म्हणून खात्रीनं ओळखता आली ती चार जातींची. पुतणीनं वहीत असं लिहिलं:

मक्यावरच्या लष्करी अळीचं पाखरू: नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरा ठिपका. मादी साधी करडी.

घाटेअळीचं: पिवळसर-मातकट, पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा एक काळसर डाग.

पानं खाणाऱ्या स्पोडोप्टेराचं: तपकिरी पंखावर पांढऱ्या रेघांची जाळी. हे अंडी पुंजक्यानं घालतं आणि वर स्वतःच्या अंगावरची लव पसरतं.

गुलाबी बोंडअळीचं: सगळ्यात किरकोळ, करड्या-तपकिरी रंगाचं, सेंटीमीटरभर सुद्धा नाही. लेकरांना पटेना की 2017 साली एवढ्याशा पाखरानं महाराष्ट्रातली कपाशी धुऊन नेली.

बाकीची सगळी पाखरं कोण? कुणाची अळी गवतावर जगते, कुणाची बांधावरच्या झाडावर. एक हिरवंगार, मखमलीसारखं मोठं पाखरू आलं, त्याची अळी कण्हेर आणि तगरीवर असते. आपल्या पिकाशी त्याचं काही देणं-घेणं नाही. तुतीवरचा रेशीमकिडा सुद्धा शेवटी पाखरूच. आमच्या शिवारात दोघं रेशीम करतात, कोष जालन्याच्या बाजारात नेतात. शेजारच्या फवाऱ्याचा वारा तुतीवर आला की त्यांची अख्खी बॅच बसते. ही गोष्ट लेकरांना माहीत होती, कारण त्यातल्या एकाचं घर त्याच धंद्यावर चालतं.

नऊच्या सुमाराला एक तळहाताएवढं पाखरू धपकन पडद्यावर आपटलं. पाठीवर कवटीचं चित्र. दोन पोरी किंचाळल्या. म्हातारीनं बाजेवरून सांगितलं, "हाकला ते, चांगलं नसतं." मी हळूच हातावर घेतलं तर ते उंदरासारखं चीं चीं करायला लागलं. मग भीती गेली आणि हसू सुटलं. हे पाखरू मधमाशांच्या पोळ्यात शिरून मध पितं. त्याची अळी तिळावर दिसते, बोटाएवढी जाड, शेपटीला शिंग. तीळ काढणाऱ्या बायांनी ती हमखास बघितलेली असते, पण तिचं पुढं हे पाखरू होतं हे कमी जणांना ठाऊक असतं. म्हातारी पण उठून बघून गेली.

दुसरा प्रयोग मोसंबीच्या बाजूला केला. सडकी केळी आणि गूळ कालवून बाभळीच्या खोडाला लावलं. औषध काही टाकलं नाही. तासाभरानं बॅटरी मारली तर खोडावर अंगारासारखे डोळे चमकले. रस शोषणारा पतंग! बाकीच्या पाखरांची अळी नुकसान करते, हा मात्र स्वतः करतो. याची सोंड टोकदार आणि कडक, पिकत आलेल्या फळाला भोक पाडते. तिथून फळ सडतं आणि गळतं. याच्या अळ्या मात्र मोसंबीवर नसतातच, त्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. नववीतला पोरगा लगेच म्हणला, "मग झाडावर अळीचं औषध मारून काय उपयोग?" मी म्हणलं, हेच तुझ्या बापाला सांग. गळालेली फळं उचलून पुरणं, संध्याकाळी बागेत धूर करणं, बागेलगतच्या त्या वेलींवर नजर ठेवणं, हे कामाचं.

आता कपाशीचं. गुलाबी अळी बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पाखरू उडतंय तेव्हाच कळायला पाहिजे. पडद्यावर जे येतं त्याच्यावरून फवारणी ठरवता येत नाही, त्याला कामगंध सापळेच लागतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात 8 किंवा जास्त पाखरं आली तर फवारणीची वेळ. लेकरांनी सकाळी शाळेच्या आधी सापळे मोजायचं काम अंगावर घेतलं. अमावस्येला दोन-तीनच्या वर आकडा गेला नाही. वीस हिरवी बोंडं फोडली, एकात अळी निघाली. डोमकळ्या तुरळक. दोन बोंडांत निघाली असती तर विचार केला असता. फवारा थांबवला. शेजारी म्हणले, पोरांच्या नादी लागून कपाशी घालवशील.

धाकधूक मला पण होती. रोज सकाळी पोरं आकडा सांगायची, तीन, चार, तीन. बाराव्या दिवसानंतर आकडा वाढला आणि सलग तीन रात्री दहाच्या वर गेला. मग तोंडाला मास्क, हातमोजे, अंगभर कपडे, वाऱ्याची दिशा बघून एक फवारा दिला. त्या दिवशी एकही लेकरू शेताकडं येऊ दिलं नाही. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते विसरता येत नाही. मोजलं म्हणजे फवारा वाचतोच असं नाही. पण अमावस्येला दिलेला फवारा वाया गेला असता आणि बारा दिवसांनी परत द्यावाच लागला असता. एक फवारा म्हणजे औषध, मजुरी आणि एका माणसाच्या छातीत जाणारं विष.

प्रकाश सापळ्याबद्दल एक सांगतो. संध्याकाळी सात ते दहा एवढाच चालवा. रात्रभर दिवा ठेवला की नुकसानीच्या पाखरांसोबत मित्रकीटक पण घमेल्यातल्या पाण्यात मरतात. आमचा पडदा दहाला उतरवला, धोतर झटकलं, पाखरं गेली. तसंच ठेवलं असतं तर पहाटे कोतवालानं सगळी टिपली असती.

तुम्हाला करायचं असेल तर:
– चांदणं नसलेली, वारा नसलेली रात्र निवडा.
– पांढरं कापड, अतिनील दिवा, वही-पेन. बाकी काही लागत नाही.
– मोठा माणूस सोबत पाहिजेच, विंचू-काट्याचा भरवसा नाही.
– पाखरू मारून डब्यात ठेवू नका. फोटो काढा, तारीख आणि जवळचं पीक लिहा.

पुतणीच्या वहीत आता सव्वीस पाखरं आहेत, त्यातल्या अकरांची नावं आम्हाला सापडलेली नाहीत. फोटो खाली टाकतोय. कृषी सहायक आणि कीटकशास्त्राची मंडळी हे पान वाचतात, ओळखत असाल तर नाव आणि अळी कशावर असते ते लिहा. उत्तरं पोरांना वाचून दाखवणार आहे.