दोन पात्या

एकाच संगणकात विंडोज व लिनक्स या दोन कार्यप्रणाली कशा नांदतात, असे विद्यार्थी विचारतात. देवासकरांना तरी याचे नवल वाटू नये! तुकोजीराव व जिवाजीराव पवार या बंधूंपासून चालत आलेली थोरली पाती व धाकटी पाती ही दोन राज्ये एकाच गावात १९४८ पर्यंत नांदली. (धारेस मात्र पवारांची एकच गादी.) संगणकातही तबकडीचे विभाग पाडून प्रत्येक प्रणालीस स्वतंत्र मुलूख देतात. परंतु देवासास दोन्ही राजे एकाच वेळी राज्य करीत. येथे यंत्र सुरू करतेवेळी एकीचीच निवड करावी लागते. मी घरी कोंकणी व वर्गात मराठी बोलतो. त्यासाठी मला निजून पुन्हा उठावे लागत नाही! वाटणीपूर्वी आपल्या लेखनाची प्रत अन्यत्र अवश्य ठेवावी; विभाग निवडताना चूक झाली, तर वर्षाचे दप्तर क्षणात पुसले जाते.